विजा कडाडत असताना घरात काय काळजी घ्यावी? पायाळू मुलीला वेगळं बसवावं का?

प्रश्नाचा पहिला भाग कोणीही सांगेल. मी लिहायला बसले ती दुसऱ्या भागामुळे. तुमची पुतणी पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली, आहे आणि आभाळ गडगडलं की मोठी माणसं तिला आतल्या खोलीत एकटीला बसवतात, असं तुम्ही लिहिलंय. तिला बाहेर आणा. आजच. मीही पायाळू आहे आणि सोळा वर्षांची होईपर्यंत अशीच बसलेली आहे.

आमचं घर नाशिकला, मखमलाबादच्या शिवारात, मळ्यात. एकत्र कुटुंब, भोवती द्राक्षबाग, अंगणात नारळाचं एक उंच झाड. मे महिन्यात दुपार टळली की रामशेज किल्ल्याच्या बाजूने काळं यायचं आणि आजी मला धान्याच्या कोठीमागे बसवून वरून गोधडी टाकायची. तिच्यावर माझा राग नाही. तिला खरंच वाटायचं की वीज नातीला शोधत येईल. पण गोधडीखालच्या पोरीला काय वाटतं ते सांगते. प्रत्येक कडकडाटाला वाटतं, आता माझ्यामुळे घर जळणार.

याच पायाळूपणाची घराला गरजही पडायची. काकांच्या पाठीत उसण भरली की ते ओट्यावर पालथे पडायचे आणि मला पाठीवर पाय द्यायला हाक मारायचे. तेव्हा मी गुणाची असायचे.

2007 चा मे. उन्हाळ कांदा काढून शेतात ढीग घातलेले होते आणि वळीव आला. सगळे ताडपत्र्या घेऊन पळाले. (कांदा भिजू नये म्हणून माणसं ऐन विजांमध्ये उघड्या रानात धावतात, आपल्या जिल्ह्यात दरवर्षी हेच चालतं. कांदा परत पिकतो हो.) मी कोठीमागे, आणि धाकटा चुलतभाऊ टीव्हीसमोर फरशीवर. उजेड आणि आवाज एकदमच झाला. भिंतीवरच्या बोर्डाचं झाकण उडून समोरच्या भिंतीवर आदळलं, टीव्ही मागून फुटला, फ्रिज गेला, मोटारीचा स्टार्टर गेला. भावाच्या पायाला रात्रभर झिणझिण्या होत्या, बाकी सुखरूप. घरभर जळक्या प्लॅस्टिकचा वास. आणि काकू भिजलेल्या पदराने दारात उभी राहून पहिलं वाक्य बोलली, "ही घरात होती ना." काकांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने घरात पाऊल टाकण्याआधी नारळाकडे पाहिलं. केबल टीव्हीची वायर रस्त्यावरून येऊन नारळाच्या बुंध्याला तीन वेढे घेऊन खिडकीतून आत गेली होती. ट्रॅक्टरला अडकते म्हणून काकांनीच ती वर ओढून झाडाला बांधली होती. बुंध्यापासून खिडकीपर्यंत तिचं प्लॅस्टिक जळून गेलं होतं. "झाडावर पडली आणि ह्या वायरीने घरात आली," वायरमन म्हणाला. काका म्हणाले, "वायरी सगळ्यांकडेच असतात."

पुढे दर मे महिन्यात माझी रवानगी सिन्नरला मामाकडे. लग्न जमवताना आईने बजावलं, पायाळू असल्याचं बोलू नकोस. मी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

आता काकांना तेव्हा देता आलं नव्हतं ते उत्तर. ढगातून निघालेली वीज टप्प्याटप्प्याने खाली येते. जमिनीपासून शे-पन्नास मीटरवर येईपर्यंत ती कुठे पडणार हे ठरलेलंच नसतं. तिथे आल्यावर खालच्या उंच वस्तूंच्या टोकांतून विजेचे धागे वर निघतात आणि ज्याची गाठ पडेल तिथे ती उतरते. नारळ, टाकी, मोबाइलचा टॉवर, मोकळ्या रानात उभा माणूस. आईच्या पोटातून आधी डोकं आलं की पाय, याची तिथे नोंद नसते. कोठीमागे गोधडीत बसलेल्या पोरीला ती चाळीस फुटी नारळ ओलांडून शोधत नाही.

प्लगचं विचारलंत, तर हो, काढा. पण गडगडाट लांब आहे तोवर. डोक्यावर कडाडत असताना बोर्डाला हात लावू नका, तेव्हा टीव्ही जळला तर जळू द्या. नुसतं बटण बंद करून किंवा एमसीबी पाडून भागत नाही. जी काही किलोमीटर हवा फोडून आली, तिला बटणातली दोन-चार मिलिमीटरची फट काय अडवणार? केबल, डिश, इंटरनेटची तांब्याची वायर, सगळं वेगळं करा. लोक विजेचा प्लग काढतात आणि ही वायर विसरतात, आमच्याकडे तीच घेऊन आली. अंघोळ, भांडी, नळाला हात नको. चार्जिंगला न लावलेला मोबाइल खुशाल वापरा. आरसे झाकण्याने काही होत नाही. चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा, ते जवळपासच्या विजांचा इशारा देतं.

बागायतदारांनी एक ध्यानात ठेवावं. द्राक्षाचा मांडव म्हणजे लोखंडी अँगल आणि शेकडो फूट तारा. एका टोकाला वीज पडली तर दुसऱ्या टोकाला तारेला टेकलेल्या माणसालाही झटका बसतो. झाडाखाली नाही तसं मांडवाखालीही थांबायचं नाही.

घरावर अरेस्टर, म्हणजे वीज जमिनीत नेणारा दांडा, बसवा म्हटलं की काका म्हणतात, तो वीज ओढून घेईल. लांबून ओढत नाही. जवळ पडणारच असेल तर तिला जमिनीत जायला जाड पट्टीची वाट देतो, एवढंच. मात्र त्याची पट्टी अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नीट गेलेली हवी, आणि अरेस्टर असला तरी टीव्ही-फ्रिज वाचतातच असं नाही. त्यासाठी मेन बोर्डात एसपीडी, म्हणजे वायरीतून आलेला विजेचा लोंढा जमिनीत वळवणारं उपकरण, लागतो, आणि अर्थिंग खराब असेल तर एसपीडीही फुकट. हे स्वतः करायचं काम नाही, परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. अगदी घरावरच वीज पडली तर प्लग काढूनही नुकसान होऊ शकतं, हेही मान्य.

पक्क्या घरात खिडकी-गॅलरीपासून लांब बसलात तर माणसाला धोका फार कमी. पत्र्याची उघडी शेड म्हणजे घर नाही. कोणाला झटका बसलाच तर त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही, लगेच हात लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. विटाळ धरल्यासारखे लोक लांब उभे राहतात आणि वाचणारा माणूस जातो.

तुमच्या पुतणीला विजा होतील तेव्हा सगळ्यांबरोबर बसवा आणि चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजायचं काम तिच्याकडे द्या. माझी मुलगी मोजते. ती पायाळू नाही, पण मोजते.

गेल्या दिवाळीत मळ्यात गेले होते. काकांनी बागेवर लक्ष ठेवायला आंब्याच्या शेंड्याजवळ कॅमेरा बसवलाय आणि त्याची वायर सरळ बैठकीच्या खिडकीतून आत. मी वायरमनला बोलावून तो कॅमेरा तिथून काढायला लावला. काका ओट्यावर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, फक्त वायर गुंडाळून झाल्यावर त्याला चहा विचारला.