५५ हजारांच्या गेमिंग कॉम्प्युटरला कोणता प्रोसेसर घ्यावा?

मुलाची बारावी झाली, त्याला गेमिंगसाठी कॉम्प्युटर हवाय, मॉनिटर सोडून बजेट ५५ हजार, तो व्हॅलोरंट आणि जीटीए ५ खेळणार, आणि दुकानदार म्हणतोय की गेमिंगला आय ७च लागतो. तर काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. ओळखीपाळखीच्यांना कॉम्प्युटर जोडून देण्याची मला जुनी आवड आहे, त्यामुळे थेट सांगतो. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय ५-१२४००एफ, यांपैकी मदरबोर्डासकट जो स्वस्त पडेल तो घ्या. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

आधी त्या आय ७चं बघू. ग्रँट रोडला पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवर फिरलात की ‘आय ७, १६ जीबी, एसएसडी’ असे तयार सेट अगदी मोह पडेल अशा भावात दिसतात. तिथे एकच विचारा, पूर्ण मॉडेल नंबर काय? आय ७ हे नुसतं श्रेणीचं नाव, पिढी कळते ती पुढच्या आकड्यांवरून. ४७७० असेल तर तो चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३चा माल. त्यात ४ कोर (काम करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). २०२२मध्ये आलेल्या आय ३-१२१००एफमध्येही तेवढेच कोर, तेवढेच थ्रेड आहेत, पण त्याचा एकेक कोर इतका वेगवान आहे की गेममध्ये तो त्या आय ७ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ला इंटेलचा प्रोसेसर अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो आणि विंडोज १०चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५मध्ये संपलाय. विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या कॉम्प्युटरमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतं, नाहीतर सुरूच होत नाही. तुमच्या मुलाचा मुख्य गेमच तो, त्यामुळे जुना सेट कितीही स्वस्त मिळाला तरी माझं मत नाही असंच आहे.

आता कार्डात जास्त पैसे का, ते. पडद्यावरच्या प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे एकेका चित्रासाठी, कोण कुठे उभा आहे, गोळी कुठे लागली, हा हिशोब प्रोसेसर करतो आणि चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाला देतो. दोघांत जो हळू, त्याच्या चालीने गेम चालतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या, मॉनिटरला एका फ्रेमसाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ हर्ट्झला सातही नाहीत. व्हॅलोरंटमध्ये चित्र हलकं असतं, त्यामुळे ताण प्रोसेसरवर येतो, आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर फारच. जड चित्रांच्या नव्या गेममध्ये मात्र कार्ड आधी दमतं. म्हणून मॉनिटर कोणता घेणार हे प्रोसेसरच्या आधी ठरवा.

नेमका कोण अडतोय हे घरीच तपासता येतं. गेम १०८०वर चालवा, फ्रेमचा आकडा बघा, मग रिझोल्यूशन ७२०वर आणा. आकडा भराभर वाढला तर कार्ड अडत होतं. होता तिथेच राहिला तर प्रोसेसर, किंवा बरेचदा रॅम. दादरला एका ओळखीच्या मुलाकडे गेम सारखा अडखळायचा आणि त्याला प्रोसेसरच बदलायचा होता. कॅबिनेट उघडलं तर रॅमची ८ जीबीची एकच काडी. शेजारी तशीच दुसरी लावली आणि प्रोसेसर बदलायची गरजच उरली नाही. तुम्हीही १६ची एक घेऊ नका, ८-८च्या दोन घ्या.

५६००च्या जागी दुकानदार ५५०० पुढे करेल, थोडा स्वस्त असतो. त्यातही ६ कोर, १२ थ्रेडच आहेत, पण एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबीऐवजी १६ एमबी, आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्ड जोडायचा मार्ग) ४.०ऐवजी हळू असं ३.०. स्वस्त कार्डांना या मार्गाच्या लेन मुळात कमी असतात. आरएक्स ६५०० एक्सटीला तर चारच, त्यामुळे ३.०वर ते कार्ड बरंच मागे पडतं. इथे काटकसर करू नका. कार्ड सहा महिन्यांनी घ्यायचं असेल तरच ५६००जी बघा, कारण त्यात ग्राफिक्स आतच आहे आणि तोवर व्हॅलोरंट खेळता येईल. साध्या ५६००मध्ये आणि इंटेलच्या ‘एफ’वाल्यांत कार्डाशिवाय पडद्यावर काहीच येत नाही.

पुढे अपग्रेड करायचं तर एएम५ या नव्या सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) रायझन ५ ७६०० चांगला, पण त्याला डीडीआर५ रॅम लागते. रॅमचे भाव २०२५च्या शेवटापासून चढलेत. त्याच्यासाठी कार्ड हलकं घ्यावं लागत असेल तर माझा सल्ला नाही. घरात जुनी डीडीआर४ रॅम पडली असेल तर ५६००च घ्या, त्याला तीच चालते.

आपल्याकडच्या मे महिन्यात, एसी नसलेल्या खोलीतही ५६०० आणि १२४००एफ हे दोन्ही चालतात. ६५ वॉटचे आहेत, बॉक्समधला कूलर पुरतो, फक्त कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. कंपनीच्या डब्यातला बॉक्स पीसच मागा, त्यावर कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. डब्याशिवाय सुट्या येणाऱ्या ट्रे पीसवर बहुधा दुकानदाराचीच मिळते. ५६००सोबत बी४५० हा जुना मदरबोर्ड देत असतील तर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) अपडेट करून, समोर चालू करून दाखवायला सांगा, नाहीतर जुन्या बायोसवर स्क्रीनच येत नाही. जुना ५६०० घेणार असाल तर त्याच्या पिना प्रोसेसरलाच खालून असतात, तो उलटा करून आडव्या नजरेने रांगा सरळ आहेत का बघा. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.