वादात माझी पद्धत कोणती, हे वहिनीनं दाखवलं

तुमचा प्रश्न आहे, वाद झाला की आपण कसे वागतो हे आपलं आपल्याला कसं ओळखता येईल?

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार, थोरल्या भावासोबत बाग करतो. तीन वर्षांपूर्वी माल काढणीला आला, तेव्हा दोन व्यापारी दारात आले. एक किलोमागे चार रुपये जास्त देत होता, पण पैसे पंधरा दिवसांनी. दुसरा रोखीचा. मला रोखीचाच हवा होता. दादा म्हणाला, "चार रुपये सोडायचे का?" मी म्हटलं, "तू म्हणशील तसं," आणि बागेत निघून गेलो.

पैसे अडकले. मी त्यावर चकार शब्द काढला नाही. पण एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, दादानं काही विचारलं की माझं एकच, "बघ तुझं तू." शेवटी वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी दहा मिनिटं भांडला असता, तर वर्षभर घरात हा अबोला राहिला नसता." तोवर मी स्वतःला समंजस समजत होतो.

पुढे आमच्या शेतकरी गटाच्या प्रशिक्षणात वादात आपण कसे वागतो हे दाखवणारी, थॉमस आणि किलमन या दोन अमेरिकी अभ्यासकांची १९७४ सालची चाचणी भरली. वाक्यांच्या ३० जोड्या, प्रत्येकीतलं एक निवडायचं. आपलं म्हणणं किती धरून ठेवतो आणि समोरच्याचं किती बघतो, यावरून पाच पद्धती निघतात: रेटणं, टाळणं, नमतं घेणं, मधला तोडगा आणि मिळून मार्ग काढणं. यातली कुठलीच मुळात वाईट नाही. डोकी तापलेली असताना टाळणंच बरं. मजुरांना डोळ्यांपुढे ठेवून भरली तर मी रेटणारा निघालो, दादाला ठेवून भरली तर टाळणारा. म्हणून चाचणी भरताना एकच माणूस मनात धरा. आणि शेवटच्या तीन वादांत तुमच्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघालं, ते घरच्यांना विचारा. आपल्याला ते आठवत नाही, त्यांना पक्कं आठवतं.

यंदा व्यापारी यायच्या आदल्या रात्रीच मी दादाला म्हटलं, "सगळं उधारीवर द्यायला माझा नकार आहे." तो चिडला, तासभर बोलला. मी उठलो नाही. अर्धे पैसे वजनाच्या वेळी, अर्धे आठ दिवसांत, असं ठरवूनच आम्ही जेवायला बसलो.