जनावरांचे बाजार बंद ठेवल्याने साथ खरोखर थांबते का?

गाई-बैलांच्या लम्पी या त्वचारोगाच्या साथीत सांगोल्याचा बाजार बंद ठेवून नेमके काय साधले, तोटा तर शेतकऱ्याचाच झाला, असे आपण विचारले आहे. मी सांगोला तालुक्यात दुभत्या गाई सांभाळतो. तोटा झाला हे मला मान्य आहे; तरीही ती बंदी आवश्यक होती, असे माझे मत आहे.

लम्पी पसरवणाऱ्या चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड स्वतःहून फार दूर जात नाहीत. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात रोग पोचतो तो मुख्यतः टेंपोत भरलेल्या जनावरासोबत. आमच्या रविवारच्या बाजारात शेजारच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातूनही जनावरे येतात, आणि व्यापाऱ्याने रविवारी घेतलेली गाय त्याच आठवड्यात दुसऱ्या बाजारात उभी असते. धोका एकट्या लम्पीचा नाही. लाळ्या-खुरकूत या जनावरांच्या दुसऱ्या साथीच्या रोगाची लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागतात, शिवाय लक्षणे दिसण्याआधीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागते. त्यामुळे विकणारा प्रामाणिक आणि घेणारा जाणकार असला, तरी दोघांच्या नजरेतून आजार सुटू शकतो.

ब्रिटनमध्ये २००१ साली हेच घडले. फेब्रुवारीत एसेक्समधील कत्तलखान्यात डुकरांना लाळ्या-खुरकूत असल्याचे सिद्ध झाले आणि २३ फेब्रुवारीला जनावरांच्या वाहतुकीवर बंदी आली, परंतु त्याआधीच बाधित मेंढ्या हेक्सहॅम आणि लाँगटाउनच्या बाजारांतून देशभर विखुरल्या होत्या. मेंढ्यांमध्ये या रोगाची लक्षणे सौम्य असल्याने कोणाला संशयही आला नव्हता. त्या साथीत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. पुढे तेथे नवे जनावर गोठ्यात आल्यावर सर्वसाधारणपणे ६ दिवस तेथून इतर जनावरे हलवायची नाहीत, असा नियम झाला.

मला हा थांब्याचा नियम बाजारबंदीइतकाच, किंबहुना अधिक महत्त्वाचा वाटतो. बंदी फार लांबली की सौदे रस्त्याकडेला आणि वस्तीवर होऊ लागतात, आणि तेथे ना पावती असते, ना कोणी कानातला बिल्ला पाहतो. बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक नव्या मालकाच्या नावावर चढला नाही, तर साथ आल्यावर जनावर कोठून आले हे शोधण्याचा मार्गच उरत नाही.

आपण गाय आणणार असाल, तर बिल्ला आणि लसीकरणाची नोंद तपासून घ्या, आणि २८ दिवस ती दावणीपासून दूर बांधा. लम्पीचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, कमाल तेवढाच धरला जातो. तिची धार सर्वांत शेवटी काढा, पाण्याची बादली वेगळी ठेवा आणि गाय आणली त्याच दिवशी गोचिडांवर औषध लावा. बाजारात गिऱ्हाईक न मिळाल्याने परत आणलेल्या आपल्याच जनावरालाही हेच लागू आहे. ते दिवसभर अनोळखी जनावरांच्या दाटीत उभे राहिलेले असते, आणि संध्याकाळी आपण त्याला घरचे समजून थेट जुन्या दाव्याला बांधतो.