वाचकांचे प्रश्न : बर्फातला मुक्काम

प्रश्न : आम्ही चौघे मित्र नोकरीनिमित्त बॉस्टनला असतो. पुण्यात असताना सह्याद्रीत भरपूर भटकलो असून कळसूबाईच्या माथ्यावर तंबूत मुक्कामही केला आहे. येत्या जानेवारीत न्यू हॅम्पशरच्या व्हाइट माउंटन्समधील माउंट पियर्स स्नोशू (बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या रुंद चौकटी) घालून चढावा आणि रात्र शिखरावरच काढावी, असा बेत आहे. उंची कळसूबाईपेक्षा कमी असल्याने फारसे जड जाऊ नये, असे वाटते. काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, बॉस्टन

उत्तर : उंचीचा आपला हिशेब बरोबर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर, तर माउंट पियर्स सुमारे १,३१४ मीटर. मात्र हा डोंगर ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि त्याच रांगेतील माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी २३१ मैल, म्हणजे सुमारे ३७२ किलोमीटर वेगाचा वारा मोजला गेला होता. असा वारा रोज सुटत नाही, हे खरे. परंतु उणे १८ अंश तापमानात ताशी ४८ किलोमीटरचा वारा असला, तरी उघड्या त्वचेला ती थंडी उणे ३२ अंशांइतकी लागते आणि अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. म्हणून माझा सल्ला असा की, शिखरावर जरूर जावे, झोपावे मात्र खालच्या दाट झाडीत. तेथील नियमही लक्षात घ्यावा लागेल : जेथे झाडांची उंची आठ फुटांहून कमी होते, त्या पट्ट्यात किमान दोन फूट बर्फ साचलेले असेल तरच तंबू लावता येतो, कारण खाली नाजूक वनस्पती असतात. पायवाटा आणि निवाऱ्यांलगत आणखी निर्बंध असतात, तेव्हा जागा पक्की करण्यापूर्वी रेंजर कार्यालयात फोन करून विचारावे.

थंडीइतकाच, किंबहुना अधिक, त्रास घामाचा होतो. पाठीवर जड सॅक आणि पायांत स्नोशू घेऊन चढताना माणूस अर्ध्या तासात घामाघूम होतो, आणि थांबताच तोच घाम अंगावर गार पडतो. त्यामुळे निघताना थोडी थंडी वाजेल इतकेच कपडे असावेत, चढण लागण्याआधीच एक थर उतरवावा आणि जाड जाकीट थांबल्याक्षणी घालता येईल असे सॅकमध्ये सर्वांत वर ठेवावे. सह्याद्रीत चालून जाणारे सुती बनियन आणि जीन्स येथे घरीच राहू द्यावेत. ओले सूत लवकर वाळत नाही आणि ऊब धरत नाही. पायवाट सोडून गेल्यास लहान स्प्रूस (सूचिपर्णी) झाडांभोवती बर्फाखाली पोकळी असते आणि तीत माणूस कमरेपर्यंत रुततो. पाय स्नोशूसकट फांद्यांत अडकला, तर सोडवता सोडवता पुरेवाट होते.

जानेवारीत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून तीनपर्यंत मुक्कामाची जागा गाठावी. स्नोशू घालूनच बर्फ तुडवून सपाट करावे आणि अर्धा तास तसेच राहू द्यावे. तेवढ्यात ते घट्ट होते, नाहीतर रात्री झोपणाऱ्याच्या अंगाखाली खळगे पडतात. नेहमीच्या खुंट्या भुसभुशीत बर्फात टिकत नाहीत. दोरी एखाद्या काठीला बांधून ती आडवी पुरावी आणि वरून बर्फ दाबावे. स्लीपिंग बॅग कितीही भारी असली, तरी अंगाखाली दबलेला तिचा भाग ऊब देत नाही, त्यामुळे तिच्याखाली फोमची एक चटई आणि हवेची एक, अशा दोन हव्यात.

बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडे पाणी घालावे, नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. साध्या गॅसच्या डब्यातले ब्यूटेन हे इंधन शून्याच्या आसपासच वायुरूप होण्याचे थांबते, म्हणून अशा डब्यावर विसंबू नये; द्रव इंधनाचा स्टोव्ह न्यावा. तो बंद तंबूत पेटवणे जिवावर बेतू शकते, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पाणी वरून गोठत जाते, म्हणून बाटल्या उलट्या ठेवाव्यात. एक गरम पाण्याने भरून, झाकण नीट तपासून, झोपताना पायांशी घ्यावी.

माउंट वॉशिंग्टनवरील वेधशाळा उंच शिखरांसाठी हवामानाचा वेगळा अंदाज देते. बॉस्टनचा अंदाज या कामी उपयोगाचा नाही. वेधशाळेच्या अंदाजात वाऱ्याचा आकडा मोठा दिसला, तर बेत पुढच्या आठवड्यावर ढकलावा.