मुलांसह अल्गॉन्क्विनमध्ये पहिली कनूसहल

प्रश्न : आम्ही टोरांटोजवळ राहतो. मुले ९ आणि ६ वर्षांची आहेत. पुढच्या ऑगस्टमध्ये अल्गॉन्क्विन उद्यानात कनूने (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, हलक्या नावेने) जाऊन दोन रात्री तंबूत राहण्याचा विचार आहे. घरात कोणालाच याचा अनुभव नाही. आपल्या पहिल्या कौटुंबिक सहलीबद्दल लिहावे आणि आम्ही किती दूर जावे, तेही सांगावे.
– एक वाचक, मिसिसागा

उत्तर : फार दूर जाऊ नका, हे आधीच सांगते. आमची पहिली सहलही याच उद्यानात, ‘कनू लेक’ या तळ्यावरून ‘जो लेक’ या तळ्यापर्यंत झाली, आणि मुले पुन्हा यायला आनंदाने तयार झाली याचे श्रेय मी त्या थोड्या अंतराला देते. १८९३ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर आहे आणि त्यातले कनूचे मार्ग एकूण २,००० किलोमीटरच्या आसपास भरतात, त्यामुळे नकाशा उघडला की आणखी एक तळे गाठण्याचा मोह होतो. परंतु लहान मुले बरोबर असताना दिवसाचा पल्ला वारा आणि पोर्टाज, म्हणजे नाव आणि सामान उचलून चालायचे जमिनीवरचे टप्पे, ठरवतात.

कनू लेक मोठे आहे आणि दुपारी तिथे वारा वाढतो. सामानाने भरलेली कनू समोरच्या वाऱ्यात फारशी पुढे सरकत नाही, म्हणून सकाळी लवकर निघून काठाकाठाने जावे. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे नावेत असणे कायद्याने बंधनकारक आहे. मुलांच्या अंगातून ते पाण्यावर असेपर्यंत काढूच नये. वाटेत हेहर्स्ट पॉइंटवर चित्रकार टॉम थॉमसन यांचे स्मारक आहे. १९१७ साली याच तळ्यात त्यांचा मृत्यू झाला. मुलांचे पाय मोकळे करायला ती जागा चांगली आहे.

पुढे जो लेकला जाताना सुमारे ३०० मीटरचे पोर्टाज लागते. कनू केव्हलरची, म्हणजे हलक्या पण मजबूत कृत्रिम धाग्याची घ्या. ती साधारण २० किलोची असते. यजमानांनी ती उलटी करून खांद्यावर घेतली तेव्हा मागून फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि आमचा मुलगा दोन्ही वल्ही छातीशी धरून, पुढे दगड आहे, मुळी आहे, असे ओरडून त्यांना वाट सांगत होता. त्या दिवसातले सर्वांत महत्त्वाचे काम आपण केले, असे त्याला अजूनही वाटते, आणि माझ्या मते ते खरेच आहे. मुलांना असे काम अवश्य द्यावे.

मुक्कामाच्या जागा नारिंगी पाट्यांनी दाखवलेल्या असतात. आम्ही दुपार व्हायच्या आत जागा धरली, म्हणून तंबू उभारून झाल्यावरही मुलांना खडकावरून पाण्यात उतरायला, चहाच्या रंगाच्या त्या पाण्यात आपली बोटे तपकिरी दिसतात हे पाहायला भरपूर वेळ मिळाला. रात्री लून पक्ष्याची लांबलचक हाक ऐकून धाकटी घाबरून मला बिलगली. तुमच्या मुलांना तो आवाज घरीच ऐकवून ठेवा.

जेवणाचे सांगायचे तर आतल्या भागात डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे. आपल्याला ते जड जात नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पिठल्यासाठी बेसन आणि तांदूळ एवढ्यावर आमचे छान भागले. लोणचे मात्र प्लॅस्टिकच्या डबीत काढून न्यावे. पाणी उकळून किंवा गाळणयंत्रातून काढूनच प्यावे. फोडणीचा वास अस्वलापर्यंत पोचतो, म्हणून जेवणानंतर सगळा शिधा, टूथपेस्टसुद्धा, एका पिशवीत भरून तंबूपासून दूर, जमिनीपासून सुमारे ४ मीटर उंच आणि खोडापासून २ मीटर लांब टांगावा. दोर कोणत्या फांदीवर टाकायचा ते उजेडातच ठरवा. अंधारात फांदी शोधणे फार अवघड जाते.

ऑगस्ट निवडला हे उत्तम, कारण मे-जूनमधल्या काळ्या माश्यांचा त्रास तोवर संपलेला असतो आणि डासही कमी होतात. आरक्षण पाच महिने आधी खुले होते, म्हणजे तुम्हाला मार्चमध्येच हालचाल करावी लागेल. जो लेकवरच्या जागांना शनिवार-रविवारी मोठी मागणी असते, तेव्हा मधल्या वारांना रजा मिळत असेल तर ते दिवस घ्या, आणि दोन्ही रात्री एकाच जागी काढा.