ओटीपोटाचं दुखणं, कालनिर्णयची पानं आणि चौथ्या डॉक्टर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 46, पाळी कधी 20 दिवसांनी तर कधी 50, दीड वर्षापासून ओटीपोट दुखून राहिलंय आणि तीन डॉक्टर झाले. पहिल्यांनी गोळ्या दिल्या. दुसऱ्या म्हणाल्या, वयाचं आहे, चालायचंच. तिसऱ्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला आणि ‘मुलं झाली आहेत नं, मग पिशवी काढून टाका’ म्हणून मोकळे झाले. घरी सगळ्यांचं मत एकच, टेन्शन घेते. आणि आता करू काय, असं विचारतेस. मी 53 वर्षांची, वयाने मोठी, म्हणून सरळ ‘तू’ म्हणते. डॉक्टर नाही मी. मानेवाड्याहून सीताबर्डीला रोज स्कूटीने जाऊन हिशेब लिहिणारी बाई आहे आणि या दुखण्यात माझी चार वर्षं गेली. त्यातली दोन तरी वाचली असती, म्हणून एवढं लांब लिहिते.

माझी पहिली चूक भाषेची. आपल्या नागपुरात दवाखान्याची पायरी चढली की जीभ आपोआप हिंदीवर जाते. मी म्हटलं, ‘पेट में दर्द रहता है.’ डॉक्टरांनी विचारलं, जेवणानंतर वाढतं का? मी म्हटलं, कभी कभी. झालं! आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. ओटीपोटाला हिंदीत पेडू म्हणतात, पेट नाही, हे मला नंतर दूधवाल्याच्या बायकोकडून कळलं. डॉक्टरांचा दोष किती आणि माझा किती, ते सोडून दे. पण ‘पेट’ म्हटल्यावर ते पोटाचंच औषध देणार.

दुसरी चूक याहून मोठी. मी सगळ्याला ‘दुखतं’ म्हणायची. आपल्या आजीजवळ दुखण्याला किती शब्द होते, आठव. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, मुरडा येतो, आग होते, ओढ लागते, जड पडतं, हुळहुळतं. ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत आणि डॉक्टरला त्यातून वेगवेगळे धागे मिळतात. पाळीच्या आधीपासून जड पडणं आणि पाळीत पिळवटून कळा येणं, सोबत गाठी पडून भरपूर अंगावरून जाणं, हे गर्भाशयाकडे बोट दाखवतं: फायब्रॉइड म्हणजे त्यातल्या गाठी, नाही तर पुढे सांगते ते अॅडिनोमायोसिस. लघवीच्या वेळी आग आणि तपासणीत मात्र जंतू नाहीत, तर तो इस्ट्रोजेन हे बायकांमधलं हार्मोन कमी झाल्याने आतला भाग कोरडा पडल्याचा प्रकार असू शकतो. तिथे दर वेळी अँटिबायोटिक घेऊन काही होत नाही, डॉक्टर तपासून लावायचं क्रीम देतात. मुरडा येऊन शौचाला झाल्यावर बरं वाटत असेल तर आतड्याकडे पाहायला हवं. जास्त वेळ बसल्यावर, संबंधानंतर किंवा स्पीडब्रेकरवर स्कूटी आपटली की ओढ लागत असेल, तर ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू आहेत ते आखडलेले असू शकतात. यातलं काहीच पक्कं नाही, एकमेकांत मिसळतंही. पण ‘पेन होतं’ एवढ्यावर कोणीही कुठेच पोचत नाही.

मग मी काय केलं, तर कालनिर्णय. किचनच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर पाळीचा टिंब आपण सगळ्याच देतो. मी त्याच चौकटीत दोन गोष्टी वाढवल्या: दुखणं दहापैकी किती आणि शब्द कोणता, ‘क’ म्हणजे कळ, ‘ओ’ म्हणजे ओढ, ‘आ’ म्हणजे आग. ज्या दिवशी दुखण्यामुळे काही अडलं त्या दिवसाला लाल गोल. ऑफिसला दांडी, जिना चढता न येणं, रात्री तीनला उठून गरम पाण्याची पिशवी. पॅड किती बदलले तेही. तीन महिन्यांची पानं फाडून पर्समध्ये घातली. (सासूबाई ओरडल्या, एकादशी कुठे पाहायची म्हणून. दुसरं आणून दिलं.)

ती पानं टेबलावर ठेवली तेव्हा चौथ्या डॉक्टर पहिल्यांदा खुर्चीत पुढे झुकल्या. त्यांनी एका मिनिटात दोन नक्षी दाखवल्या, ज्या मला चार वर्षांत दिसल्या नव्हत्या. ‘क’ सगळे पाळीच्या आगेमागे होते. ‘ओ’ मात्र महिनाभर विखुरलेले, आणि सोमवार ते शुक्रवार जास्त. म्हणजे दुखणी दोन होती, आणि आम्ही सगळे मिळून एक कारण शोधत होतो. एका कारणाचं औषध चाललं नाही की ‘मनाचं आहे’ असा शिक्का बसायचा.

पहिलं दुखणं अॅडिनोमायोसिस निघालं. गर्भाशयाच्या आतलं अस्तर त्याच्या स्नायूच्या भिंतीत शिरतं, म्हणून पाळीत भिंतच सुजते आणि पिळवटते. पाळी जायला आली म्हणजे हे आपोआप निवत जाईल असं सगळे सांगतात, आणि पाळी पूर्ण गेल्यावर बहुधा निवतंही. पण मधली वर्षं उलटी असू शकतात. या काळात इस्ट्रोजेन उतारावरून हळूहळू खाली येत नाही, ते आपल्या रस्त्यांसारखं वरखाली आपटत येतं. काही महिने बीज सुटतच नाही, मग अस्तर आवरून धरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, अस्तर जाड होत जातं आणि एकदम सुटतं. अॅडिनोमायोसिस आणि फायब्रॉइड दोन्हींना इस्ट्रोजेन पोसतं. म्हणून 46 व्या वर्षी दुखणं ‘वाढलं’ असं तू म्हणतेस ते तुझ्या मनाचे खेळ नाहीत. पाळी 12 महिने सलग आली नाही तरच ती गेली असं म्हणतात. आपल्याकडे ते वय सरासरी 46-47 च्या आसपास, पाश्चात्त्य देशांत 51. तुझ्या वयाला हे सगळं ऐन भरात असणं अगदी शक्य आहे.

एक पैसे वाचवायची गोष्ट. मला कोणीतरी हार्मोनचं महागडं पॅकेज करायला लावलं होतं. या वयात त्यातलं एफएसएच (अंडाशयाला बीज वाढवायला सांगणारं हार्मोन) आज एक आणि पुढच्या महिन्यात भलतंच येतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे की 45 च्या वरच्या बाईला लक्षणांवरून ओळखावं, एफएसएच तपासू नये. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र नक्की कर. माझं हिमोग्लोबिन 8.6 होतं, आणि थकव्याला मी उन्हाळा समजत होते. नागपूरच्या मे महिन्यात कोणाला थकवा नसतो, सांग!

आणि रिपोर्टवर ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं पाहून घाबरली असशील, तर तो आजार नाही, पिशवी थोडी मोठी दिसली एवढंच. दोन बाळंतपणांनंतर ती थोडी मोठी असतेच. का मोठी आहे, हे पुढे विचारायचं असतं.

माझं रक्तस्रावाचं आणि कळांचं गर्भाशयात बसवायच्या हार्मोनवाल्या तांबीने आटोक्यात आलं. पहिले पाच महिने थेंबथेंब जात राहिलं, काढून टाकीन म्हणत होते. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं म्हणून धीर धरला. सगळ्यांना ती चालत नाही, गर्भाशयात काय आहे ते आधी पाहावं लागतं. माझ्या जावेला रक्तस्राव कमी करायच्या गोळीवर भागलं. दुखण्यावरच्या मेफेनॅमिकच्या गोळ्यांबद्दल मात्र सांगते, आपण त्या गोळ्या पेपरमिंटसारख्या खातो. रिकाम्या पोटी नको, किडनी किंवा बीपीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच. 2023 च्या अखेरीस सरकारी इंडियन फार्माकोपिया कमिशननेही या औषधाने क्वचित होणाऱ्या गंभीर ॲलर्जीबद्दल सावध केलं होतं. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ आणि ताप आला तर लगेच थांबव आणि दाखव.

आता ‘ओ’. कळा गेल्या, ओढ राहिली. मी खचलेच. मग डॉक्टरांनी पेल्विक फ्लोअरवर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. लाज वाटली, तपासणी आतूनच असते. तिने एका जागी बोट दाबलं आणि मी ओरडले, ‘हेच! हेच ते!’ चार वर्षांत कोणी त्या जागेला हात लावला नव्हता. तिने विचारलं, ऑफिसमध्ये लघवीला जाता का? मी हसले. आमच्या मजल्यावरच्या बाथरूमला पंधरा वर्षं कडी नव्हती, सकाळी नऊपासून सहापर्यंत धरून ठेवायची सवय. आणि त्यात मी यूट्यूब पाहून सहा महिने केगेल, म्हणजे तेच स्नायू आवळायचा व्यायाम, करत होते! आधीच आवळलेल्या स्नायूंना आणखी आवळत होते. तिने ते बंद करून पोट सैल सोडून खोल श्वास शिकवला, उताणं झोपून गुडघे छातीशी, बद्धकोनासन, लघवी दर तीन-साडेतीन तासांनी. चार महिन्यांनी कालनिर्णयवरचे ‘ओ’ आठवड्याला एखादे उरले. प्रत्येक फिजिओ हे करत नाही, फोन करून ‘पेल्विक फ्लोअर पाहता का’ असं स्पष्ट विचार.

म्हणून पिशवी काढण्याच्या सल्ल्यावर माझं मत सांगते. काढू नकोच असं मी म्हणणार नाही. मोठ्या फायब्रॉइडसाठी माझ्या मावसबहिणीने काढली आणि ती सुखात आहे. पण माझी काढली असती तर ओढ तशीच राहिली असती. त्यामुळे कारण न सांगता, मधले उपाय न करता कोणी काढा म्हणत असेल तर थांब. अंडाशयं ठेवणार की काढणार, हे वेगळं विचार. ती काढली तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांना, हृदयाला त्याचा फरक पडतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गरज नसताना काढलेल्या पिशव्यांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता, आणि 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याच्या केंद्राच्या सूचना लागू करायला सांगितलं. म्हणजे असे सल्ले मिळणारी तू काही एकटी नाहीस.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं, तर पहिल्या दोन मिनिटांत पानं पुढे कर आणि काय अडतं ते सांग: ‘महिन्यात चार दिवस ऑफिस बुडतं, रात्री झोप मोडते.’ मग विचार, ‘हे कशामुळे असं तुम्हाला वाटतं? आणि काय नाही, हे कशावरून ठरलं?’ ‘वयाचं आहे’ म्हणाले तर न चिडता म्हण, ‘बरं, मग वयामुळे नेमकं काय होतंय ते केसपेपरवर लिहून द्याल का?’ लिहायला लागलं की माणूस थोडा विचार करतो. मी एकदा नवऱ्याला नेलं होतं. डॉक्टर अर्धा वेळ त्यांच्याशीच बोलले. पोट माझं! पुढच्या वेळी जावेला नेलं, ती कागदावर लिहून घेत होती, त्याचा उपयोग झाला. जुनी कागदपत्रं मागायला लाजू नको. 2002 च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमानुसार मागितल्यापासून 72 तासांत ती द्यावी लागतात. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर सोबत बाई असावी, हा तुझा हक्क आहे, उपकार नाही.

धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांची फी परवडत नसेल तर मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स ही सरकारी रुग्णालयं आहेतच. सकाळी लवकर जा, डबा ने.

काही गोष्टी मात्र अंगावर काढू नको आणि माझ्या या पत्राची वाटही पाहू नको. तासाला पॅड भिजणं, एका बाजूला अचानक असह्य कळ, दुखण्यासोबत ताप, लघवीत रक्त, 12 महिने पाळी नसताना पुन्हा डाग. पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं आणि दोन घासांत भरलेलं वाटणं, हे गॅस म्हणून सोडू नको, त्यात अंडाशयाचा आजार पाहावा लागतो. आणि हसू नको, पाळी चुकली नि दुखतंय तर आधी घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर. 46 व्या वर्षीही दिवस राहू शकतात आणि गर्भाशयाबाहेर नळीत राहिले तर जिवावर बेततं.

सोनोग्राफी पुन्हा करायची झाली तर आतून, म्हणजे योनीमार्गातून, करणार का ते विचार, गर्भाशयाच्या भिंतीतलं त्यात जास्त नीट दिसतं. पोटावरून असेल तर ब्लॅडर भरून जायचं, आतून असेल तर रिकामं करून. मला कोणी सांगितलं नव्हतं. लिटरभर पाणी पिऊन ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ या पाटीखाली दीड तास बसले आणि आत गेल्यावर बाई म्हणाल्या, आधी बाथरूमला जाऊन या.