पी/ई ५ दिसतोय म्हणून आणखी घेण्याआधी येणी बघा

पी/ई (शेअरचा भाव भागिले प्रति शेअर वर्षाचा नफा) ५, भाव बुक व्हॅल्यूच्या (कागदावर मालमत्तेतून देणी वजा करून उरतं त्याच्या) निम्मा, डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) नियमित, दोन वर्षं भाव पडतोय आणि "मार्केटला दिसत नाहीये ते मला दिसतंय, अजून घेऊ का?" ही तुमची पोस्ट वाचली आणि वाटलं, अरे हा तर आपलाच जुना मेसेज. मी असाच एक शेअर धरून बसलो होतो, सहा वर्षं. त्यामुळे थोडं लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. मी सल्लागार वगैरे नाही आणि तुमची कंपनी कुठली तेही मला माहीत नाही.

पी/ई कसा काढतात, स्क्रीनर (आकड्यांवरून शेअर गाळून काढायचं साधन) कसा लावायचा हे तुम्हाला येतंच, ते सोडून देतो. माझी चूक तिथे नव्हतीच. माझी चूक ही की मी नफा बघितला आणि तो पैसा हातात आला का हे बघितलंच नाही.

सोपे आकडे घेऊन सांगतो. मी घेतला तेव्हा कंपनीची वर्षाची विक्री १०० धरा, तर गिऱ्हाइकांकडून येणी (विकलेल्या मालाचे अजून न आलेले पैसे) २० होती, म्हणजे साधारण ७३ दिवसांची उधारी. चार वर्षांनी विक्री १२० झाली आणि येणी ६०. म्हणजे १८२ दिवस! माल उधारीवर ढकलायचा, विक्री दाखवायची, नफा दाखवायचा, वसुलीचं नाव नाही. पाच वर्षांचा नफा मिळून ५० होता आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड ७. डिव्हिडंड मात्र १५ वाटला. उरलेले ८ कुठून आले? कर्ज काढून, दुसरं काय. आणि मी डिव्हिडंड जमा झाला की खुश, त्यातून परत तेच शेअर घ्यायचो. आता आठवलं की हसू येतं, तेव्हा आलं नव्हतं.

बरं, शंका आली नाही असं नाही. कंपनीच्या गुंतवणूकदार विभागाला मेल टाकला, की वार्षिक अहवालात येणी एवढी वाढलेली दिसतायत, त्यातली किती सहा महिन्यांपेक्षा जुनी आहेत? तीन आठवड्यांनी उत्तर आलं, "कृपया वार्षिक अहवाल पाहावा." अहो, अहवाल बघूनच तर विचारतोय! फोन केला तर त्यांनी मला अशा ठिकाणी जोडून दिलं जिथे फक्त पत्ता बदलण्याचे अर्ज घेतात. शेवटी वार्षिक सभेसाठी प्रश्न लेखी पाठवला तर त्यावर अध्यक्षांनी दहा मिनिटं भविष्यातल्या संधींवर भाषण दिलं, येण्यांबद्दल एक शब्द नाही. आता वाटतं की तेच उत्तर होतं, पण मी ते "मॅनेजमेंट जरा जुन्या वळणाची आहे" असं समजून घेतलं. शेअरच्या प्रेमात पडलं की माणूस कंपनीचा वकील होतो, फुकटचा.

मग एका वर्षी त्यातली ४० येणी बुडीत म्हणून लिहून टाकली. ज्या बुक व्हॅल्यूच्या निम्म्या भावात मिळतोय म्हणून मी उड्या मारत होतो ती बुक व्हॅल्यू मुख्यतः ही येणीच होती! तोपर्यंत मी खाली खाली घेत तो शेअर पोर्टफोलिओच्या ५ टक्क्यांवरून २० च्या वर नेला होता. त्यात घातलेल्या पैशांतले ७० टक्के गेले. ७० टक्के गेल्यावर मूळ पैसे परत यायला उरलेल्याचे तिपटीहून जास्त व्हावे लागतात, हे गणित लोक अ‍ॅव्हरेज करताना (पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी किंमत खाली आणताना) करत नाहीत, मीही केलं नाही.

माझं मत (पटलं तर घ्या): अहवाल मागून वाचा. चेअरमनचं पत्र शेवटी, आधी नोट्स (हिशेबाला जोडलेल्या टिपा). येणी किती जुनी आहेत याचा तक्ता, संबंधित कंपन्यांशी व्यवहार, ऑडिटर मध्येच बदललाय का. नफ्यात जमीन वगैरे विकून आलेला एकदाचाच पैसा असेल तर तो काढून पी/ई परत काढा, ५ चा १५ होताना बघितलाय मी. आणि धातू, साखर असला चक्रात फिरणारा धंदा असेल तर पी/ई सगळ्यात कमी दिसतो तो नफा शिखरावर असताना, म्हणजे नेमका चुकीच्या वेळी.

नाहीतर स्वस्त शेअर वाईटच असतो असं म्हणत नाहीये, मी अजूनही तेच घेतो. फक्त अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी १९६२ पासून बर्कशायर हॅथवे या तिथल्या कापड कंपनीचे शेअर स्वस्त म्हणूनच घेतले होते आणि ज्या कापडधंद्यासाठी ते स्वस्त होते तो १९८५ मध्ये बंद करावा लागला, त्यांनी स्वतःच ती चूक म्हटलीये. त्यांच्याकडे अख्ख्या कंपनीचा ताबा होता, तिच्यातला पैसा दुसरीकडे वळवता आला. आपल्याकडे फक्त विकायचं बटण असतं.

तुमच्या पोस्टमध्ये फक्त नफ्याचे आकडे आहेत. गेल्या पाच वर्षांची येणी, विक्री आणि ऑपरेटिंग कॅश फ्लो (धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड) एवढं टाका, मग बोलू. तोपर्यंत आणखी घेऊ नका असं मी म्हणेन, चार दिवसांत काही पळून जात नाही, दोन वर्षं पडतोयच की तो.